नाही म्हणायची सोय : जुन्या वऱ्हाडातल्या दारूविषयी

"पयलेची दारू दवा व्हती, आताची जहर हाय." अकोला-अमरावतीकडे हे वाक्य पारावर, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडच्या बाकड्यावर, कुठंही कानावर पडतं. सांगणारा बहुधा साठी ओलांडलेला असतो आणि पुष्कळदा स्वतः न पिणाराही असतो. त्याला थोडं खोदून विचारलं, की पूर्वीचे लोक प्यायचे तरी कशासाठी, तर उत्तरं भराभर येतात. थंडीसाठी, अंगदुखीसाठी, देवासाठी, होळीसाठी, सोयऱ्याच्या मानासाठी. अलीकडे मोबाइलवरून आलेलं आणखी एक उत्तर या यादीत शिरलं आहे : पूर्वी पाणी खराब असायचं, म्हणून लोक दारू प्यायचे.

हे शेवटचं उत्तर आधी बाजूला काढू, कारण ते आपलं नाही. युरोपातल्या मध्ययुगाबद्दलची ती एक लोकप्रिय समजूत आहे आणि तिथल्या इतिहासकारांनाही ती आता फारशी पटत नाही. लंडनसारख्या शहराने तेराव्या शतकातच झऱ्याचं पाणी शहरात आणण्याची सोय केली होती. पाणी कुणी पीतच नसतं, तर तो खटाटोप कशाला? वऱ्हाडात तर या समजुतीची परीक्षा घ्यायला निसर्गानेच जागा ठेवली आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथं विहीर खणली तर खारं पाणी लागतं. ते जिभेवर ठेववत नाही, त्यात डाळ शिजत नाही, आणि पोटालाही ते सोसत नाही. वाईट पाण्यामुळे माणसं दारूकडे वळत असती, तर हा पट्टा दारूचं माहेर झाला असता. झालं काय? बायका नदीच्या पात्रात झिरे खणत राहिल्या, गोड पाण्याच्या एकुलत्या एका विहिरीवर कोस-कोस चालत गेल्या, गावोगाव तळी राखली गेली. मोहाची दारू गाळायलाही आधी फुलं आंबवायला पाणी लागतं आणि मग भांडं गार ठेवायला आणखी पाणी लागतं. पाण्याला दारू हा पर्याय वऱ्हाडात कधी नव्हता. ती पाण्याची उधळपट्टीच होती.

मग का पीत होते? या प्रश्नाचं सगळ्यांत जुनं व्यवस्थित उत्तर एका कर वसूल करणाऱ्याच्या पोथीत सापडतं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू कुठं गाळायची, कुठं विकायची, कुणाला किती द्यायची, हे सगळं त्याच्या ताब्यात. इतकी करडी नजर असूनही तिथं काही फटी मुद्दाम ठेवलेल्या दिसतात. कुटुंबवाल्यांना कार्यप्रसंगासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करता येई. उत्सव, मेळे, यात्रा असतील तेव्हा चार दिवस दारू गाळण्याची मुभा मिळे. कार्य, औषध, उत्सव : बसस्टँडवरच्या म्हाताऱ्याची यादी जवळजवळ तीच आहे. त्या शास्त्रकाराने लोकांच्या पिण्याचं कारण शोधायचा आव आणलेला नाही. लोक कधी पितात ते त्याने पाहिलं, आणि त्या वेळा सोडून बाकी दिवसांवर सरकारचा हात ठेवला. या नोंदीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते चार दिवस. पिण्याला वेळ होती, म्हणजे न पिण्यालाही वेळ होती.

औषधाचा मुद्दा इथंच उरकून टाकतो. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही नावं वऱ्हाडातल्या कडक माळकरी घरातही परकी नव्हती. बाळंतिणीच्या खोलीतली ती बाटली आंबवूनच तयार झालेली असते, धायटीची फुलं त्यात त्यासाठीच पडतात आणि मद्यार्क त्यात आपोआप तयार होतो. ती चमच्याने घेतात म्हणून तिला कुणी दारू म्हणत नाही, एवढंच. जास्त पिण्याने होणाऱ्या रोगाला 'चरकसंहिते'ने मदात्यय म्हणून वेगळा अध्याय दिला आहे. म्हणजे दवा आणि जहर ही दोन्ही माहिती फार पूर्वीपासून एकाच पोथीत नांदत होती. 'पयले' आणि 'आता' अशी तिची वाटणी नंतर झाली.

खुद्द वऱ्हाडाच्या मातीतला पुरावा अचलपूरजवळच्या चम्मक गावात मिळाला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात एक हजार ब्राह्मणांना हे गाव दान दिलं, त्याचा तो ताम्रपट. त्यात गावाला कोणकोणत्या राजहक्कांतून सूट दिली याची लांब यादी आहे. सैनिकांनी गावात शिरायचं नाही, गुरांवर आणि चाऱ्यावर हक्क सांगायचा नाही, असं बरंच काही. त्याच यादीत मीठ आणि आंबवण्याचे पदार्थ यांच्यावरचा राजाचा हक्कही सोडलेला आहे, असा अर्थ इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी लावला. तो धरला, तर दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या राजाला दारूच्या मडक्याची किंमत मिठाइतकी चांगली कळत होती. लोक का पितात याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पिणार हे धरूनच तो चालला होता. पुढच्या बहुतेक सरकारांनी हाच शिरस्ता पाळला.

खरा मजकूर मात्र ताम्रपटात सापडत नाही. त्यासाठी चम्मकपासून उत्तरेला डोंगर चढावा लागतो. मेळघाटात, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. पानं झडलेल्या झाडाखाली जाळून-झाडून जागा साफ केलेली असते. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन पोचतात, कारण उशीर केला तर अस्वल, हरणं आणि गाई वाटा उचलतात. ही रसाळ पिवळट फुलं वाळली की मनुकांसारखी होतात आणि वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर त्यांत असू शकते. हे पीक पेरावं लागत नाही, निंदावं लागत नाही, आणि येतं ते नेमकं कोठीतली कुटकी-ज्वारी तळाला गेलेली असते तेव्हा. इथल्या कोरकू आदिवासींनी ते आधी खाल्लं. भाजून, उकडून, पिठात मिसळून खाल्लं. बियांचं तेल काढलं, पेंड ठेवली. यातून उरलं त्याची दारू केली, किंवा सण असेल तर आधी तिच्यासाठी बाजूला काढलं. शहरातला माणूस मोह म्हटलं की लगेच बाटली डोळ्यांपुढे आणतो. त्या घरात मोह म्हणजे पहिल्यांदा उन्हाळ्यातलं जेवण.

कोरकू भाषेत दारूला सिडू म्हणतात. वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस मडक्यात आंबवायची, हा सडवा. मग मडकं चुलीवर, त्यावर दुसरं भांडं, सांधे चिखलाने लिंपलेले, वर गार पाणी बदलत राहायचं आणि वाफेचे थेंब नळीतून खाली धरायचे. पहिल्या धारेची कडक, नंतरची फिकी. यात कुठलंही सामान दुकानातून आणावं लागत नाही. पण फुलांचा साठा बेताचा असतो आणि ती वर्षातून एकदाच येतात. घरच्या सिडूला तेवढी मर्यादा आपोआप पडे. नियम करणाऱ्याची गरज भासत नसे.

कधी पीत? होळीला. मैदानात कापूस वेचायला, विटा पाडायला गेलेला कोरकू होळीला घरी परत येतो. आजही त्या दिवसांत परतवाड्याहून वर जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. होळीनंतर फगवा, नाच आणि बाजार. सोयरीक जुळवायला बसले तर सिडू, जुळली तरी सिडू, भांडण मिटलं तर दोन्ही पक्षांनी मिळून सिडू. पेरणीआधी भुमका, म्हणजे गावचा पुजारी, देवाच्या नावाने जमिनीवर चार थेंब सांडतो, मग माणसं पितात. मेलेल्या माणसासाठी सिडोलीचा विधी होतो, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेला लाकडी मुंडा पुरला जातो, तेव्हा आधी पितरांना देऊन मग उरलेली सगळ्यांनी घ्यायची. यांपैकी एकाही वेळी 'मला प्यावीशी वाटते' हे कारण पुढं येत नाही. पिणारा माणूस तिथं प्रसंगाचा एक भाग असतो. चहा अजून डोंगरात पोचला नव्हता, तेव्हा पाहुण्यापुढं ठेवायला दुसरं होतं तरी काय?

इथं थांबून एक सावधगिरी. हे चित्र इतकं लोभस दिसतं की त्यावर लिहिणारे बहुतेकजण तिथंच मुक्काम ठोकतात : आदिवासी सणाला प्यायचे, सगळे मिळून प्यायचे, बायकाही प्यायच्या, सारं कसं निर्मळ होतं; मग सरकार आलं, ठेकेदार आला आणि सगळं नासलं. यातला दुसरा भाग बराचसा खरा आहे. पहिल्या भागात मात्र मोठी फट आहे. ती दाखवायला डोंगर उतरून खाली मैदानात यावं लागतं, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात.

तिथं २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जाणोरकर आणि सखुबाई यांच्या पोटी देबूजी जन्मला. घर परिटाचं. मैदानातल्या गावांत सिडूच्या जागी कलालाच्या भट्टीची दारू आणि नाल्याकाठच्या शिंदीच्या झाडांची शिंदी होती, पण पिण्याची वेळ डोंगरासारखीच प्रसंगाची : नवस फेडायचा, कंदुरी करायची, बारसं, लग्न, तेरवी, जातीबाहेर गेलेल्याला परत घेण्याचं जेवण. देवकार्य म्हटलं की बकरं आलं, आणि बकरं आलं की दारू आली. झिंगराजी असाच, रीत म्हणून प्यायला लागला. कार्याची दारू एक दिवस बिनकार्याची झाली. तिच्यापायी शरीर गेलं, घरचं होतं नव्हतं ते गेलं, आणि देबूजी आठेक वर्षांचा असताना झिंगराजी वारला. विधवा सखुबाई पोराला घेऊन माहेरी, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला गेली. देबूजीने मामाची गुरं राखली आणि शेती केली.

हाच देबूजी पुढं गाडगेबाबा झाला. त्यांच्या कीर्तनांबद्दल आणि खराट्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेलं चरित्र तर १९५२ साली, बाबांच्या हयातीतच आलं. मला या विषयासाठी त्यांच्या आयुष्यातला वेगळाच प्रसंग मोलाचा वाटतो. तो घर सोडण्याच्या आधीचा आहे, देबूजी अजून साधा शेतकरी होता तेव्हाचा. मुलीचं बारसं होतं. जातभाई जमले. रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू मिळणार हे सगळ्यांनी धरलेलं. देबूजीने पानात गोडधोड वाढलं. दारू नाही, मटण नाही. लोक चिडले, कुरकुरले. यजमानाने जातीचा अपमान केला, असं त्यांना वाटलं. आज वाचताना आपल्याला हा प्रसंग किरकोळ वाटतो, कारण कुणाच्या बारशाला दारू नसली तर आपण दखलही घेणार नाही. त्या पंगतीत बसलेल्यांना मात्र ते बंड वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून 'लोक का पीत' या प्रश्नाच्या शेजारी मला दुसरा प्रश्न मांडावासा वाटतो : त्यांना नाही म्हणता येत होतं का? प्रसंगाची दारू ही माणसाला मर्यादा घालते हे खरं, पण तीच त्याला बांधूनही टाकते. सोयऱ्याने पुढं केलेलं परतवणं म्हणजे सोयरीक परतवणं. देवाचा थेंब नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं. जातपंचायतीने दंड म्हणून दारू लावली, तर ती विकत आणून सगळ्यांना पाजायची आणि त्यांच्यात बसून स्वतःही प्यायची. ज्याच्या अंगाला ती सोसत नाही, ज्याला एकदा घेतल्यावर थांबता येत नाही, असा झिंगराजीसारखा माणूस या रीतीत कुठं जाणार होता? जुन्या पद्धतीत पुष्कळ शहाणपण होतं. अशा माणसासाठी मात्र तिच्यात बाहेर पडायला दार नव्हतं. आज व्यसन म्हणजे एकट्या माणसाचा दोष असं आपण मानतो. त्या काळी ते पंगतीतूनच सुरू होई.

आता ठेकेदाराकडे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि आबकारीचं नवं प्रकरण सुरू झालं. तशी इंग्रजांची दारू त्याआधीच इथं आलेली होती. १८०३ साली २९ नोव्हेंबरला अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज लढली, तेव्हा तिच्यातल्या गोऱ्या शिपायांना शिध्याचाच भाग म्हणून अरक मिळे. लोक का पितात याचं हेही एक उत्तर आहे : सरकारने रोजच्या शिध्यात घातली म्हणून. १८५३ नंतर हात उलटा फिरला. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात काढला जाऊ लागला, घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि गुत्तेदाराला भरलेली रक्कम वसूल करायची तर रोज गिऱ्हाईक हवं. होळीची वाट पाहणं त्याला परवडणारं नव्हतं. कोकणात तर मुंबई सरकारने १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात नुसती मोहाची फुलं बाळगण्यावरही बंधनं आणली. म्हणजे भट्टी सोडाच, झाडाखालचं अन्नच संशयित झालं. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल, हे आपलं धोरण असल्याचं सरकार सांगे. त्यातलं दुसरं कलम कसोशीने पाळलं गेलं.

वेळही नेमकी जुळून आली. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दशकात रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, मग जिनिंग-प्रेसिंग आले. ज्वारीच्या रूपात मिळणारी मजुरी रोख पैशात मिळायला लागली. आठवडी बाजाराच्या दिवशी खिशात पैसा, वाटेत दुकान, आणि गावची पंगत दूर. पिण्याचं कारण बदललं ते इथं. दिवसभर गठाण उचलणाऱ्या हमालाच्या खांद्याला होळीशी काही घेणं नव्हतं. तो थकला होता म्हणून पीत होता, आणि तो एकटा पीत होता.

त्या काळची लिखित साधनं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ए. सी. लायल यांचं १८७० चं वऱ्हाड गॅझेटियर, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड, यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही. रसेल-हिरालालांचं कलारांवरचं, म्हणजे कलालांवरचं, प्रकरण तर आजही मुळातून वाचण्याजोगं आहे. नशेत अंगात येतं म्हणून दारूत देव मानला गेला, असा धागा ते वेदकाळापासून गोंडांपर्यंत खेचत नेतात. पण अशा सगळ्या पुस्तकांत पिणारे म्हणून कोरकू, गोंड, महार, मांग, परीट हेच दिसतात. वाड्यात दार लावून पिणारे देशमुख त्यांत नाहीत. चिखलदऱ्याच्या बंगल्यांतली आणि अमरावती कॅम्पातल्या क्लबातली व्हिस्कीही नाही, जी पिऊन झाल्यावर 'कोरकू दारूच्या आहारी गेलेले आहेत' अशा नोंदी सुबक अक्षरात उतरत असतील. कोण उघड्यावर पितो आणि कोण आडोशाला, एवढ्या फरकावर जातींचे स्वभाव लिहिले गेले.

दारू सोडण्याची हकिकतही याच भूमीची आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, तुकडोजी महाराजही याच जिल्ह्यातल्या यावलीचे, जन्म १९०९. खंजिरीवर व्यसनमुक्तीचं भजन आणि खराट्यामागून कीर्तन, असे महाराष्ट्रातले दारूविरुद्धचे दोन खणखणीत आवाज एकाच जिल्ह्यातून उठावेत, हा मला योगायोग वाटत नाही. जिथं रोग जुना तिथं वैद्य तयार होतो. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला, त्याचं पुढं काय झालं हा स्वतंत्र विषय आहे. आज वर्धा नदीच्या पलीकडचा वर्धा जिल्हा बंदीचा आहे आणि अलीकडचा नाही. नदीकाठच्या गावांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कायद्याहून खोल परिणाम मला १४ ऑक्टोबर १९५६ चा वाटतो. त्या दिवशी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा देताना डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वऱ्हाडातून गेलेले हजारो लोक ती घेऊन परतले. सगळ्यांना ती पाळता आली असं कुणी म्हणणार नाही. पण गावकीच्या कामाबरोबर आणि मरीआईच्या गाड्याबरोबर जी दारू वाट्याला येई, ती परत करायला त्यांच्या हातात पहिल्यांदाच एक कारण आलं, आणि ते देवाच्या कारणाहून हलकं नव्हतं. देबूजीने बारशाच्या पंगतीत एकट्याने जे केलं, ते इथं एका समाजाने मिळून करायचं ठरवलं.

मोहाचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यांवरचे निर्बंध सैल केले. मोहाचे लाडू, सरबत, जॅम बचतगटांच्या स्टॉलवर दिसू लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात मोहाची दारू वारसा म्हणून बाटलीबंद करून विकायचं ठरलं. ज्या सडव्याच्या मडक्यांवर पोलीस लाथ मारत, त्याच सडव्याला लेबल लागतं आहे. ती बाटली विकत घेणारा पर्यटक ती कुठल्या प्रसंगासाठी पिणार, हे तिच्यावर छापलेलं नसेल.

या संग्रहातले लेख याच चढउतारांवरचे आहेत. त्यांची मांडणी काळाच्या क्रमाने केलेली नाही. गॅझेटियरपासून सुरुवात केली असती तर पहिल्याच पानावर पिणारा पुरुष आणि त्याच्यावर नजर ठेवणारा अंमलदार एवढे दोघेच भेटले असते. मोह वेचणारी, सडवा लावणारी, बाजारात शिंदी विकणारी आणि झिंगराजीच्या पश्चात पोर घेऊन दापुऱ्याची वाट धरणारी बाई त्या कागदांत जवळजवळ नाहीच. म्हणून पहिला लेख दारूवरचा नाही. तो मेळघाटातल्या फुलं वेचणाऱ्या बायकांचा आहे, आणि त्या मोह किती खायला ठेवायचा आणि किती आंबवायचा हे घरात कसं ठरवतात, इथून तो सुरू होतो.